पाचवा रकाना

आजाराला आकडा लावायचा, हे तिचं काम. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईखोलीला लागून रेकॉर्ड रूम होती आणि तिथे ती अर्धं आयुष्य बसून होती. वरच्या मजल्यांवरून बरे झालेल्यांचे, न झालेल्यांचे आणि मध्येच कंटाळून निघून गेलेल्यांचे केसपेपर खाली तिच्या टेबलावर यायचे. ती ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची आणि डॉक्टरांनी जे लिहिलं असेल त्याला त्याचा ठरलेला कोड द्यायची. जिन्यावरून पडून मोडलेल्या हाताचा वेगळा, मारामारीत मोडलेल्या हाताचा वेगळा. सगळं हॉस्पिटल तिला आकडेताई म्हणायचं. तिचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं.

हे काम म्हणजे नुसती कारकुनी, असं बऱ्याच जणांना वाटायचं. एका नव्या डॉक्टरानं एकदा विचारलंही होतं, "ताई, तुम्ही नक्की काय करता?" ती म्हणाली, "तुम्ही लिहिता ते वाचते. असं करणारी हॉस्पिटलात मी एकटीच आहे." तो बिचारा हसला, पण त्या दिवसापासून त्याचं अक्षर जरा सुधारलं.

तिच्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला, जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही. डोळ्यांना दिसत असलं, मनाला पटत असलं, तरी डॉक्टरांच्या हातचं कागदावर नसेल तर त्याला कोड नाही. दुसरा नियम त्याहून अवघड. कागदावरून उलगडा होत नसेल तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, पण प्रश्नाच्या पोटात उत्तर असता कामा नये. 'हे अमुकच आहे ना?' असं विचारायचं नाही. 'अमुक आहे, तमुक आहे, की सांगता येत नाही?' असं विचारायचं आणि गप्प बसायचं. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की ती घरीही सुटत नसे. "अहो, गोळी घेतलीत, नाही घेतली, की सांगता येत नाही?" असं ती नवऱ्याला विचारायची. नवरा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचा, "तिसरं." त्याचे कान अगदी शाबूत होते. ऐकायची सवय तेवढी नव्हती.

आणि एक सांगायला हवं. आकडेताईला आपल्या कामाचा थोडा ताठा होता. माझ्या कामावर बोट ठेवून दाखवा, असं ती तोंडानं म्हणत नसे, पण चष्मा ज्या पद्धतीनं नाकावर सरकवायची त्यातून ते कळायचं.

एका सकाळी रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेलं डिस्चार्ज कार्ड. खिडकीवर येणारी माणसं सहसा घाईत असतात, त्यांना कसली तरी प्रत हवी असते. ही घाईत नव्हती. तिनं कार्ड उलगडलं, खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

ओळ होती, 'औषधाची विषबाधा, अपघाताने.' कोड दिला की त्याचा अर्थ कार्डावर आपोआप छापून यायचा. लोक तो वाचत नाहीत, असा आकडेताईचा अनुभव होता.

"काय झालंय? नीट सांगा बघू," ती म्हणाली आणि खिडकीतून बोलणं बरं दिसेना म्हणून तिला आत बोलावून खुर्ची दिली.

बाईनं सांगितलं ते असं. तिचे सासरे शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मशीन उघडायच्या आधी ते नुसतं चालवून ऐकायचे, आणि शटल घासतंय की पट्टा सैल आहे हे आवाजावरून सांगायचे. त्यांच्या पायाला जखम झाली, ती चिघळत हाडापर्यंत गेली. पाय कापावा लागेल, अशी वेळ आली होती. शेवटी एक जहाल इंजेक्शन सुरू केलं. ते रोज द्यायचं, आणि बरेच आठवडे. रोज हॉस्पिटलात कोण आणणार? तिचा नवरा बाहेरगावी नोकरीला. मग इथल्याच नर्सनं तिला शिकवलं, बाटलीतून किती ओढायचं, सिरिंजवर कुठल्या रेषेपर्यंत, दंडाला लावून ठेवलेल्या नळीतून किती सावकाश सोडायचं. तिनं ते डोळ्यांत तेल घालून केलं. पाय वाचला. पण औषध संपता संपता सासऱ्यांना ऐकू येईनासं झालं. पुन्हा दाखल केलं, कानाच्या तपासण्या झाल्या, आणि हे कार्ड हातात पडलं.

"नणंदेनं वाचलं," ती म्हणाली. "ती म्हणाली, वहिनी, अपघाताने लिहिलंय, म्हणजे कोणाकडून तरी जास्त गेलं. भांडली नाही हो. एवढंच म्हणाली आणि विषय बदलला. भांडली असती तर बरं झालं असतं."

"सासरे काय म्हणाले?"

"त्यांना नाही दाखवलं. कुठल्या तोंडानं दाखवू? लपवून ठेवलंय." तिनं पिशवीची कड बोटाला गुंडाळली. "एकदा औषध भरताना दारावर कोणीतरी आलं होतं. मी उठून गेले. परत आल्यावर दुसऱ्यांदा तर भरलं नाही ना मी? मला आठवतच नाही. रोज आठवून बघते. ताई, तुम्हाला यातलं कळतं. माझ्यामुळे बाबांचे कान गेले का? तेवढंच सांगा."

आकडेताईनं केसपेपर काढला. कोडच्या शेजारी आद्याक्षरं तिचीच होती.

औषधांनी झालेल्या इजेसाठी एक मोठा तक्ता असतो. डावीकडे औषधाचं नाव, त्यापुढे सहा रकाने. पहिला रकाना अपघातानं चुकीचं किंवा जास्त औषध गेलं त्यासाठी. पुढचे मुद्दाम घेतलेल्याचे, कोणी मुद्दाम दिलेल्याचे, तसले. पाचवा रकाना औषध बरोबर, प्रमाण बरोबर, दिलंही बरोबर, आणि तरी शरीराला सोसलं नाही, त्यासाठी. औषध तेच, कान तेच, बहिरेपणही तेच. पहिल्यात आणि पाचव्यात फरक एवढाच की पहिल्यात कोणाची तरी चूक असते.

कानाच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'औषधामुळे श्रवणहानी. इंजेक्शने घरी सुनेने दिली.' बस, एवढंच. प्रमाण चुकल्याचा एक शब्द नव्हता. आणि असा शब्द नसेल तर पाचवा रकाना धरायचा, हे तर शिकाऊ मुलींनाही तिनंच घोकून घेतलं होतं. मग आपला हात पहिल्या रकान्यावर का गेला? तिला उत्तर लगेच कळलं. 'घरी' वाचलं आणि 'सुनेने' वाचलं, म्हणून गेला. 'नर्सने दिली' असं असतं तर गेला नसता. जे लिहिलेलं नव्हतं ते तिनं स्वतःच्या मनानं वाचलं होतं, आणि एका परक्या घरातल्या बाईच्या माथी मारलं होतं. तीही कोणाची तरी सूनच होती. स्वतःच्या सासूच्या डोळ्यांत ती वर्षानुवर्षं थेंब घालत आली होती. आजवर तिला कामात लाज वाटण्याची वेळ आली नव्हती. आज वाटली, आणि पुरेपूर वाटली.

रेकॉर्ड रूमचे साहेब पलीकडच्या टेबलावरून ऐकत होते. मनाचा चांगला माणूस, फक्त कटकट नको असायची. तिला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, एक आकडा बदला, नवीन कार्ड छापून द्या. नियमानं पाचवाच येतो. बाईचा जीव भांड्यात पडेल, तुमचंही निस्तरेल."

"कोड नियमानं येईल, साहेब. पण तिनं कोड नाही विचारला. तिनं काय झालं ते विचारलंय."

ती परत येऊन त्या बाईसमोर बसली. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. जिभेवर आलेलंही होतं.

"हे मी लिहिलं," आकडेताई म्हणाली. "डॉक्टरांनी तसं म्हटलेलं नव्हतं. तुम्ही घरी दिलं एवढं वाचून मी ते ठरवून टाकलं. चूक माझी आहे, आणि ती मी दुरुस्त करणार. पण तुमच्याकडून जास्त गेलं नाही, हे मला अजून माहीत नाही. ते मी डॉक्टरांना विचारते. जे उत्तर येईल ते मी तुम्हाला सांगेन. कसंही आलं तरी."

बाईला ऐकायचं होतं ते हे नव्हतं. पण ती रागावली नाही. "कसंही आलं तरी सांगा," ती म्हणाली आणि कार्डाची घडी घालून गेली.

मग प्रश्न लिहायला बसल्यावर आकडेताईचं घोडं अडलं. पहिला कागद तिनं लिहिला, 'सुनेने दिलेले प्रमाण योग्यच होते असे समजावे काय?' वाचून फाडला. त्या 'योग्यच'मध्ये तिची सगळी इच्छा उतरली होती. दुसऱ्यात लिहिलं, 'सुनेने नर्सच्या शिकवणीनुसार काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचे प्रमाण' आणि तोही फाडला, कारण काळजीपूर्वक हे तिला कोणी सांगितलं होतं? शेवटी उरला तो कोरडा ठणठणीत प्रश्न. 'दिलेले प्रमाण लिहून दिल्याप्रमाणे होते, त्याहून अधिक होते, की सांगता येत नाही? कृपया आधारासह नोंदवावे.' खाली सही केली आणि कागद घेऊन स्वतःच वर गेली. हे काम शिपायाचं होतं, पण तिला धीर धरवेना.

कानाचे डॉक्टर सगळ्यांशीच मोठ्यानं बोलायचे. दिवसभर पेशंटशी तसं बोलून तीच सवय लागली होती. त्यांनी प्रश्न वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही जिने चढून आलात म्हणजे काहीतरी आहे. तुम्हाला काय उत्तर हवंय?"

हवं ते उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिनं गिळलं. "जे झालं असेल ते," ती म्हणाली.

"अस्सं," डॉक्टर म्हणाले. "मग मला रक्ताचे सगळे रिपोर्ट मागवावे लागतील. घरी जाणारी नर्स नमुने घ्यायची, ते दुसऱ्या विभागात आहेत. बघतो आणि लिहितो."

ते दिवस तिला वाईट गेले. केसपेपर वाचता वाचता तिला तो दारावर कोणीतरी आल्याचा प्रसंग दिसायचा. भरलेली सिरिंज, उठून गेलेली बाई, परत येऊन पुन्हा बाटली उचललेला हात. खरंच तसं झालं असेल तर? मग आपण तिला काय सांगणार होतो, कुठल्या शब्दांत? घरी ताट पुढ्यात घेऊन ती नुसतीच बसली होती, तेव्हा नवऱ्यानं चक्क वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"जेवलीस, नाही जेवलीस, की सांगता येत नाही?" त्यानं विचारलं.

ती हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी म्हणाला, "तू त्या बाईला खरं सांगितलंस ना? मग जेव आता." आणि तिचं गार झालेलं ताट उचलून स्वतः गरम करून आणलं.

डॉक्टरांचं उत्तर आलं ते चांगलं पानभर होतं. घरच्या औषधकाळात रक्तातली औषधाची पातळी दर आठवड्याला तपासली होती. दर वेळी ती हद्दीत होती. उरलेल्या बाटल्यांचा हिशेब नर्सनं ठेवला होता, तोही जुळत होता. प्रमाण लिहून दिल्याप्रमाणेच होते. खाली डॉक्टरांनी आपल्या मोठ्या अक्षरात एक वाक्य वाढवलं होतं, 'योग्य प्रमाणातही हे औषध काही रुग्णांच्या कानास अपाय करते.'

आकडेताईनं ते दोनदा वाचलं. मग शांतपणे पहिल्या रकान्यातला कोड खोडला, पाचव्यातला लिहिला, दुरुस्तीखाली आपली सही केली आणि त्या बाईला फोन लावला.

बाई आली ती सासऱ्यांना घेऊन. त्यांची कानाची पुढची तपासणी होती, आणि घरी एकटं थांबायला ते तयार नव्हते. उंच, हडकुळे, हाताच्या रेषांत तेल मुरलेलं. दुखरा पाय जपत पण आपल्या आपण चालत आले आणि भिंतीजवळच्या बाकावर बसून कपाटांकडे बघू लागले. सुनेनं त्यांना हातानं 'इथेच बसा' अशी खूण केली आणि टेबलाशी आली. तिचं तोंड सुकलं होतं.

आकडेताईनं नवीन कार्ड आणि डॉक्टरांचं पान तिच्यापुढे ठेवलं. "तुझ्याकडून जास्त गेलं नाही," ती म्हणाली. अहोजाहो कधी गळून पडलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

बाईनं वाचलं. पुन्हा वाचलं. आनंद झालेला दिसेना. "हे तुम्ही त्यांना सांगून तर लिहून घेतलं नाही ना?" तिनं घाबरत विचारलं. "माझी दया येऊन?"

आकडेताईनं आपला प्रश्न पुढे केला. तो कोरडा ठणठणीत प्रश्न, तिन्ही पर्यायांसकट. "मी असं विचारलं होतं. यात कुठे दया दिसते का बघ."

बाईनं तो कागदही वाचला. तिचे खांदे जरा सैल झाले, पण पुरते नाहीत. "पण तो दिवस," ती म्हणाली, "दारावर कोणी आलं तो. एखाद्या दिवशी गेलं असेल तर रक्तात कळतं का?"

आकडेताईनं डॉक्टरांचं पान पुन्हा उचललं. दोघी त्यावर वाकल्या. सुनेच्या पाठीवरूनच सासऱ्यांना काहीतरी कळलं असावं. ते उठले, टेबलाशी आले. जुनं कार्ड बाजूला पडलं होतं, ते सून झाकायच्या आत त्यांनी उचललं. खिशातून चष्मा काढला. खालच्या ओळीशी थांबले.

"अपघात कसला?" ते म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, फार मोठ्यानं. धुलाईखोलीतल्या बायकांनी दारातून डोकावलं. "कोणी लिहिलं हे?"

आकडेताईनं आपल्या छातीवर बोट ठेवलं.

"तुम्ही? मग मला नाही का विचारायचं? मी रोज बघत होतो. हिनं भरलं की रेषेवर आलंय का ते मी चष्मा लावून बघायचो. सुईचं काम आहे, ते बघितल्याशिवाय मला राहवतं का?" ते सुनेकडे वळले. "तू याची काळजी करत होतीस? एकदाच काय ती मध्ये उठलीस, दार वाजलं तेव्हा, आणि तेव्हाही भरलेली सिरिंज माझ्या हातात देऊन गेली होतीस. आल्यावर तीच घेतलीस माझ्या हातातून. मला विचारायचंस तरी. कान गेलेत, तोंड आहे ना मला?"

सुनेनं तोंडावर पदर धरला. खरंच, कान गेल्यापासून त्यांना कोणी काही विचारतच नव्हतं. आकडेताईलाही सुचलं नव्हतं. नर्स, रक्त, बाटल्या, सगळ्यांची साक्ष काढली, आणि ज्याच्या दंडात औषध जात होतं तो माणूस राहिला.

म्हातारे बसले. आवाज जरा खाली आणायचा प्रयत्न त्यांनी केला, पण त्यांना तो जमत नव्हता.

"आणि मी पण एक लपवलंय," ते म्हणाले. "सुरुवातीलाच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, हे औषध कानावर जाऊ शकतं. कानात शिट्टी वाजली तर लगेच सांगा, औषध थांबवू. मी म्हटलं, सुनेला मीच सांगतो. नाही सांगितलं. तुझा हात थरथरला असता."

"शिट्टी वाजली होती?" सुनेनं आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं. तिचे ओठ ते वाचायला शिकले होते.

"वाजली ना. मशीन रिकामं पळवल्यासारखी, रात्रंदिवस. पण थोडंच औषध उरलं होतं. बोललो असतो तर बंद केलं असतं, आणि पाय गेला असता." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "पाय गेला असता तर मला उठवायचं कोणी, न्यायचं-आणायचं कोणी? तूच ना. माझं ओझं तुझ्यावर पडू नये म्हणून मी कान सोडले, पोरी. आणि तू भलतंच ओझं घेऊन बसलीस."

सून त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. इतके दिवस अडवून धरलेलं सगळं रडली. म्हातारे तिच्या केसांवरून आपला तेलकट हात फिरवत होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "पुरे आता, पुरे." तिच्या रडण्याचा आवाज त्यांना येत नव्हता, पण तो गुडघ्याला कळत असावा.

खिडकीशी कोणीतरी येऊन काच वाजवत होतं. त्याला कसली तरी प्रत हवी होती. आकडेताईनं डोळे पुसले, उठली आणि थोड्या वेळानं या म्हणून खिडकी लावून घेतली.